घासलेटचा डबा आणि लांबची युद्धं

आमच्या देवळ्याकडे जुनी माणसं रॉकेलला अजूनही 'घासलेट' म्हणतात. गॅसलाईट या इंग्रजी शब्दाचं हे आपल्या जिभेवर गुळगुळीत झालेलं रूप. आणि रॉकेल म्हणजे रॉक ऑईल. गंमत बघा, ज्या तेलावर आपल्या आज्या-पणज्यांनी कंदील आणि स्टोव्ह पेटवले, त्याची दोन्ही नावं बाहेरून आलेली. तेलही बाहेरूनच यायचं. कुठून? तर बऱ्याच अंशी ब्रह्मदेशातून!

नाशिक जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावाचा ब्रह्मदेशाशी, इराणशी, कुवेतशी संबंध काय, असं कुणीही विचारेल. टीव्हीवर कुठल्यातरी युद्धाची बातमी लागते, आपण दोन मिनिटं नकाशा बघतो आणि चॅनेल बदलतो. आज मात्र गेल्या ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांतल्या काही लांबच्या भानगडींचा माग काढत काढत कसमादेपर्यंत यायचा बेत आहे. (कसमादे म्हणजे कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा. पुण्या-मुंबईच्या मंडळींसाठी खुलासा.) लेख जरा लांबणार आहे, चहा घेऊनच बसा :-)

मुद्दा आधीच सांगून टाकतो. लांबच्या युद्धाचं बिल आपल्याला किती येणार हे युद्ध पेटल्यावर ठरत नाही. ते त्याआधीच्या शांत, कंटाळवाण्या वर्षांत ठरून गेलेलं असतं. कुणी काय बांधलं, कुणाशी मैत्री ठेवली, गंगाजळीत किती डॉलर ठेवले, यावर. युद्धाच्या दिवसांत फक्त ते बिल छापून हातात येतं.

१९४२ : रंगून

ब्रह्मदेश १९३७ पर्यंत ब्रिटिश हिंदुस्थानचाच एक प्रांत होता. इरावती नदीच्या काठी येनानजाऊंग नावाच्या गावाजवळ तेलाच्या विहिरी होत्या. तिथलं कच्चं तेल नळाने रंगूनजवळच्या सिरियमच्या रिफायनरीत यायचं आणि तिथून रॉकेल जहाजाने हिंदुस्थानच्या बंदरांत. बर्मा ऑईल आणि शेल या दोन कंपन्यांनी १९२८ मध्ये एकत्र येऊन हिंदुस्थानातल्या विक्रीसाठी बर्मा-शेल ही कंपनी काढली. गावोगावी पोचलेला पत्र्याचा चौकोनी डबा तो याच धंद्यातला. तेल संपलं की त्याच डब्यात धान्य भरायचं. आमच्याकडे काही घरांत असे डबे परवापरवापर्यंत होते.

जपानने ब्रह्मदेशावर चढाई केली आणि ८ मार्च १९४२ ला रंगून पडलं. आता विचित्र भाग ऐका. तेलाच्या विहिरी आणि रिफायनरी जपान्यांनी नाही उडवल्या. जपान्यांच्या हाती लागू नयेत म्हणून माघार घेणाऱ्या ब्रिटिशांनीच त्या उद्ध्वस्त केल्या. मार्चमध्ये सिरियम, एप्रिलमध्ये येनानजाऊंग. झालं! हिंदुस्थानला ब्रह्मदेशातून येणारं तेल काही आठवड्यांत बंद.

तेलाबरोबर ब्रह्मदेशचा तांदूळही बंद झाला. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाची कारणं अनेक होती, त्यातलं हे एक. मुंबईत १९४३ मध्ये धान्याचं रेशनिंग सुरू झालं. रेशन आणि काळा बाजार हे शब्द मराठी घरात कायमचे वस्तीला आले ते याच काळात. पेट्रोल मिळेना म्हणून बसगाड्यांच्या मागे कोळशाच्या गॅसच्या भट्ट्या बसवल्या गेल्या. रॉकेलसाठी माणसं रांगेत उभी राहिली.

आमच्या धंद्यात याला 'सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर' म्हणतात. एकच सर्व्हर, बॅकअप नाही. आसामात दिग्बोई होतं, पण एवढ्या मोठ्या देशाला ते कुठे पुरणार? आणि बॅकअप का नव्हता? तर तेव्हा हा निर्णय घ्यायचा अधिकार आपल्याकडे नव्हताच. तेल कुठून आणायचं, रिफायनरी कुठे बांधायची हे लंडनमध्ये ठरायचं.

१९५१ : आबादान

स्वातंत्र्य मिळालं तरी तेल परदेशी कंपन्यांच्याच हातात होतं. आता आपल्याकडे तयार पेट्रोल-रॉकेल यायचं ते मुख्यतः इराणच्या आखातातून, आणि त्यात आबादानची रिफायनरी म्हणजे मोठं प्रस्थ. भारत सरकार कंपन्यांना म्हणत होतं, आमच्या किनाऱ्यावर रिफायनरी बांधा. कंपन्या म्हणायच्या, परवडत नाही.

मग १९५१ मध्ये इराणमध्ये मोसादेक यांनी तेलाचं राष्ट्रीयीकरण केलं. ब्रिटिश तंत्रज्ञ निघून गेले, आबादान ठप्प झालं. आणि काय आश्चर्य! जे काल परवडत नव्हतं ते अचानक परवडायला लागलं. त्याच वर्षाच्या शेवटी करार झाले. मुंबईत तुर्भे-माहुलच्या खाजणात १९५४ मध्ये स्टॅनव्हॅकची आणि १९५५ मध्ये बर्मा-शेलची रिफायनरी उभी राहिली.

बर्मा-शेलची ही माहुलची रिफायनरी लक्षात ठेवा. १९७६ मध्ये सरकारने ती ताब्यात घेतली आणि १९७७ पासून कंपनीचं नाव झालं भारत पेट्रोलियम. १९९८ मध्ये मुंबईहून मनमाडपर्यंत त्यांची तेलाची पाइपलाइन सुरू झाली. मनमाडजवळच्या पानेवाडीच्या टाक्यांत पेट्रोल-डिझेल येतं आणि तिथून टँकरने उत्तर महाराष्ट्रातल्या पंपांवर जातं. म्हणजे देवळ्याच्या पंपावर ट्रॅक्टरमध्ये डिझेल भरणारा माणूस ज्या साखळीच्या टोकाला उभा असतो, तिची एक कडी इराणमधल्या त्या भांडणातून घडलेली आहे. भांडण तिथे, फायदा आपल्याला. असंही कधीकधी होतं. पण ते झालं कारण सरकार आधीपासून मागणी लावून धरून बसलं होतं. संधी आली तेव्हा कागद तयार होते.

१९७३ : सुएझ ते मुंबई हाय

६ ऑक्टोबर १९७३. इजिप्त आणि सीरियाने इस्राएलवर हल्ला केला. अरब देशांनी इस्राएलच्या पाठीराख्यांचं तेल तोडलं. भारत अरबांचा मित्र, त्यामुळे आपलं तेल तोडलं नाही. पण भाव? भावाला मैत्री कळत नाही. तीन डॉलरच्या आसपास असलेला पिंपाचा भाव जानेवारी १९७४ पर्यंत साडेअकरा डॉलरच्या वर गेला. आपला तेल आयातीचा खर्च एका वर्षात दुपटीवर गेला. महाराष्ट्र तेव्हा १९७२ च्या दुष्काळातून नुकता कुठे उठत होता. विहिरीवरची मोट जाऊन ऑईल इंजिन येण्याचा तो काळ. पाऊस आला तर तेल महाग, अशी गत. नोव्हेंबर १९७३ मध्ये पेट्रोल-रॉकेलच्या दरवाढीविरुद्ध वाजपेयी बैलगाडीतून संसदेत गेले होते, तो प्रसंग याच युद्धाच्या मागोमागचा.

यातली मुत्सद्देगिरी बघण्यासारखी आहे. इराण अमेरिकेचा दोस्त, इराक रशियाचा, आणि दोघं एकमेकांचे वैरी. भारताने दोघांकडूनही सवलतीच्या अटींवर, उधारीवर तेलाची सोय करून घेतली. जानेवारी १९७५ मध्ये पॅलेस्टाईन मुक्ती संघटनेला भारताने मान्यता दिली आणि दिल्लीत त्यांचं कार्यालय उघडलं. त्यामागे तत्त्व होतंच, पण तेलाचं गणित कुणाच्या डोक्यात नसेल असं मला वाटत नाही.

पण खरी गोष्ट समुद्रात घडत होती. मुंबईपासून १६० किलोमीटरवर अरबी समुद्राच्या तळाखाली तेल असावं, हा अंदाज १९६० च्या दशकातल्या सोव्हिएत मदतीने झालेल्या सर्वेक्षणांतून आला होता. केशवदेव मालवीय यांनी मोठ्या कंपन्यांचा विरोध अंगावर घेऊन तेल आणि नैसर्गिक वायू आयोग उभा केला होता, १९५६ मध्ये. 'सागर सम्राट' हे खोदकामाचं जहाज जपानमध्ये बांधून घेतलं होतं, आणि ते युद्धाच्या आधीच, १९७३ मध्येच ताब्यात आलं होतं. फेब्रुवारी १९७४ मध्ये मुंबई हायला तेल लागलं. मे १९७६ मध्ये उत्पादन सुरू झालं.

तारखा परत एकदा वाचा. युद्ध ऑक्टोबर १९७३, तेल फेब्रुवारी १९७४. मधे चारच महिने. चार महिन्यांत समुद्रात तेल सापडत नाही हो! सर्वेक्षणापासून मोजलं तर त्याला आठ-दहा वर्षं लागली होती. युद्ध पेटल्यावर कुणी जागं होऊन सर्वेक्षण मागवलं असतं तर तेल कुठे १९८० नंतर हाती लागलं असतं. १९८० च्या दशकाच्या मध्यावर देशाला लागणाऱ्या तेलातला अर्ध्याहून मोठा भाग देशातच निघत होता, तो मुख्यतः मुंबई हायच्या जोरावर.

१९९०-९१ : कुवेत

आणि मग आपण सुस्तावलो. मुंबई हायमधून जोर लावून तेल उपसलं गेलं. १९८९-९० मध्ये देशाचं उत्पादन ३४ दशलक्ष टनांपर्यंत गेलं आणि नंतर घसरायला लागलं. १९९२-९३ मध्ये ते २७ दशलक्ष टनांवर आलं. मागणी मात्र वाढतच होती. वर परदेशी कर्ज वाढत होतं, गंगाजळी आटत होती. या सगळ्या गोष्टी सद्दामचे रणगाडे निघायच्या आधीच्या आहेत.

२ ऑगस्ट १९९० ला इराकने कुवेत गिळलं. आपण ज्या देशांकडून बरंच तेल घ्यायचो त्यातले हे दोन. जुलैमध्ये सतरा-अठरा डॉलरच्या घरात असलेला भाव ऑक्टोबरपर्यंत दुप्पट झाला. शिवाय कुवेत आणि इराकमध्ये पावणेदोन लाखांच्या आसपास भारतीय अडकलेले. परराष्ट्रमंत्री इंद्रकुमार गुजराल बगदादला गेले आणि सद्दाम हुसेनने त्यांना मिठी मारली. तो फोटो जगभर छापला गेला आणि भारताला टोमणे ऐकावे लागले. पण मिठीच्या पलीकडे माणसं होती. जॉर्डनमधल्या अम्मानहून मुंबईपर्यंत एअर इंडियाने जवळपास दोन महिन्यांत ४८८ फेऱ्या केल्या. एवढं मोठं स्थलांतर नागरी विमानांनी त्याआधी कधी झालं नव्हतं. या लोकांकडून येणारे पैसे बंद झाले, तो फटका वेगळाच.

आता जानेवारी १९९१ बघा. चंद्रशेखर यांचं अल्पमतातलं सरकार. फिलिपाइन्सकडून आखाताकडे जाणाऱ्या अमेरिकन लष्करी विमानांना मुंबईसह भारतातल्या काही विमानतळांवर इंधन भरायची परवानगी असल्याचं बाहेर आलं. अलिप्ततावादी भारत, आणि अमेरिकन लष्करी विमानं मुंबईत तेल भरतायत! प्रचंड गदारोळ झाला आणि फेब्रुवारीत ती सोय बंद करावी लागली. त्याच जानेवारीत आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने भारताला १.८ अब्ज डॉलरचं कर्ज मंजूर केलं होतं. या दोन गोष्टी एका महिन्यात घडल्या, बाकी तुम्ही सुज्ञ आहात.

तरीही पुरलं नाही. १९९१ च्या उन्हाळ्यात परकीय चलन दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरतं उरलं. जुलैमध्ये रिझर्व्ह बँकेचं जवळपास ४७ टन सोनं मुंबईहून विमानाने इंग्लंडच्या बँकेकडे गहाण म्हणून धाडण्यात आलं. घरातलं सोनं सावकाराकडे ठेवणं काय असतं हे आमच्याकडच्या शेतकऱ्याला वेगळं सांगायला नको. त्या महिन्यात अख्ख्या देशाने तेच केलं. पुढचं उदारीकरण, आयटी, आपल्या सगळ्यांच्या नोकऱ्या... ही कहाणी तुम्हाला माहीतच आहे. तिची सुरुवात अंशतः एका तेलाच्या बिलापासून होते, एवढंच इथे सांगायचं होतं.

१९७३ आणि १९९०, दोन्ही वेळा युद्ध लांबचं, दोन्ही वेळा भाव भडकले. पहिल्या वेळी आपल्याकडे जपानहून आलेलं जहाज होतं. दुसऱ्या वेळी रिकामी तिजोरी होती.

पानेवाडी

सरकार या बिलातला काही भाग स्वतः भरतं आणि गरिबाला तेल स्वस्त देतं. रेशनचं रॉकेल हे त्याचं उदाहरण. हेतू चांगला, पण एक डबा रेशनवर अगदी स्वस्त आणि तसंच जळणारं डिझेल पंपावर कितीतरी महाग, असं झालं की मधल्या फरकावर एक काळा धंदा उभा राहतो. जागतिक भाव जितका चढा तितका फरक मोठा आणि धंदा फायद्याचा. २५ जानेवारी २०११ ला मालेगावचे अतिरिक्त जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांनी मनमाडजवळ अशी भेसळ चालू असताना पकडली आणि त्यांना तिथेच जिवंत जाळण्यात आलं. आपल्या भागातला प्रामाणिक अधिकारी, भरदिवसा, तेलाच्या टाक्यांपासून हाकेच्या अंतरावर. तेलाच्या राजकारणावरच्या जाडजूड पुस्तकांत हे नाव सापडणार नाही. माझ्या मते ते असायला हवं.

त्याच पानेवाडीने जानेवारी २०२४ मध्ये अजून एक गोष्ट दाखवली. अपघाताच्या नव्या कायद्याविरुद्ध टँकरचालकांनी गाड्या उभ्या केल्या आणि एक-दोन दिवसांत उत्तर महाराष्ट्रातल्या पंपांवर रांगा लागल्या. युद्ध नाही, बहिष्कार नाही, फक्त टँकर थांबले. आपल्या तालुक्याचा 'बफर' किती आहे ते तेव्हा कळलं. दोन दिवस!

आणि आता?

गेल्या काही वर्षांत लांबच्या युद्धांची रांगच लागली. २०२२ मध्ये युक्रेन. त्याआधी आपल्या तेलात रशियाचा वाटा दोन टक्क्यांच्या आत होता. सवलतीचं तेल मिळायला लागल्यावर तो एक तृतीयांशाच्या वर गेला. त्यावरून ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने आपल्या मालावर जादा २५ टक्के कर लावला. म्हणजे तेलावर वाचवलेले पैसे दुसऱ्या खिशातून मागितले. नोव्हेंबर २०२३ पासून तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि नाशिकची द्राक्षं युरोपला आफ्रिकेला वळसा घालून जायला लागली. दहा-पंधरा दिवस जास्त, भाडं जास्त. द्राक्ष म्हणजे काही लोखंड नव्हे, कंटेनरमधला एकेक दिवस मोजावा लागतो. जून २०२५ मध्ये इस्राएल-इराण युद्ध बारा दिवस चाललं आणि होर्मुझच्या सामुद्रधुनीचं नाव पुन्हा सगळ्यांच्या तोंडी आलं.

यात शेतकरी कुठे येतो? उमराण्याच्या बाजारात कांद्याचा लिलाव बघा. डिझेल वाढलं की नांगरणीवाला दर वाढवतो, ट्रकवाला भाडं वाढवतो, व्यापारी ते भाडं धरूनच बोली लावतो. रशिया-बेलारूसकडचं पोटॅश अडकलं तेव्हा, २०२२ मध्ये, ५० किलोची गोणी १,७०० रुपयांवर गेली. साखळीतला प्रत्येक जण आपला खर्च पुढच्यावर ढकलतो. ज्याला ढकलता येत नाही तो ट्रॉलीशेजारी उभा असतो आणि दुसऱ्याने पुकारलेला भाव ऐकतो. लांबच्या युद्धाचं बिल फिरत फिरत त्याच्याजवळ येऊन थांबतं.

वर कांदा स्वतःच मुत्सद्देगिरीचं चलन झालाय. डिसेंबर २०२३ मध्ये निर्यातबंदी झाली. मग मार्च २०२४ मध्ये सरकारने खास परवानगीने बांगलादेशला ५०,००० टन आणि संयुक्त अरब अमिरातीला १४,४०० टन कांदा द्यायचं ठरवलं. मित्रदेशांना सांभाळायलाच हवं, त्यातला एक आपल्याला तेल देतो. पण मैत्री देशाची आणि पडलेला भाव कसमादेचा, ही वाटणी काही बरोबर नाही. देशाच्या सोयीसाठी बाजार बंद करायचा तर त्या नुकसानीचा हिशोबही देशाच्या खात्यावर मांडावा.

बॅकअपचं काय? विशाखापट्टणम, मंगळुरू आणि पादूर इथे जमिनीखालच्या गुहांमध्ये ५.३३ दशलक्ष टन कच्चं तेल साठवायची सोय झाली आहे. देशाला साडेनऊ दिवस पुरेल एवढी. कंपन्यांच्या टाक्यांतला साठा वेगळा. १९९१ च्या मानाने ही प्रगतीच, गंगाजळीचं तर विचारूच नका. पण लागणाऱ्या कच्च्या तेलातलं ८५ टक्क्यांहून जास्त आपण बाहेरून आणतो, हा आकडाही तितकाच खरा आहे.

आणि स्वयंपाकघर? घासलेटचा स्टोव्ह गेला, गॅसची टाकी आली. आईच्या डोळ्यांतला धूर गेला, ही फार मोठी गोष्ट आहे. पण त्या टाकीतल्या गॅसपैकी साधारण ६० टक्के आयात होतो आणि त्यातला बहुतेक आखातातून, त्याच होर्मुझच्या चिंचोळ्या वाटेने येतो. आणि कच्च्या तेलाच्या मानाने गॅसचा राखीव साठा अगदीच किरकोळ आहे. १९४२ मध्ये देवळ्याचा कंदील रंगूनवर अवलंबून होता. आज देवळ्याची चूल आखातावर अवलंबून आहे. पत्र्याचा डबा जाऊन लाल टाकी आली, वायर मात्र तितकीच लांब आहे.

शेतातला सोलर पंप, गोबरगॅस, गॅससाठी मोठा साठा, तीन-चार वेगवेगळ्या देशांशी करार... यातलं काहीही बातमीत मोठं दिसत नाही. पण सागर सम्राटची ऑर्डर गेली तेव्हा तीही पहिल्या पानावर नव्हती. म्हणून पुढच्या वेळी टीव्हीवर युद्धाचा नकाशा दिसला की 'कोण जिंकणार' याच्या आधी एक साधा प्रश्न विचारा : आपल्याकडे किती दिवसांचं आहे? आणि हा प्रश्न विचारायची खरी वेळ टीव्हीवर काहीच चालू नसतं तेव्हाची.

असो. चहा गार झाला असेल. पुन्हा गॅस पेटवावा लागणार :-)